जहाज धरल्यावर आलेली भाकरी

माझा मुलगा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. तिकडं समुद्रात लढाई पेटली आणि एका देशाच्या सैनिकांनी पाठलाग करून ते जहाज धरलं. माल घेतला, माणसं आतच डांबली. कंपनीनं एवढंच कळवलं.

दुसऱ्या दिवशी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी पिशोरहून माझी धाकटी जाऊ आली. हातात पिठलं-भाकरीचा डबा, आणि दारातच तिनं गळा काढला. आमच्यात माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही. भाऊबंद असा कडू घास घेऊन येतात.

"जहाज धरलंय, माझा पोरगा मेला नाय," मी म्हणाले. "रडायचं असंल तर तुझ्या दारात जाऊन रड."

"लढाईत धरलेलं कुणी सोडतं व्हय, बाई?"

मी डबा तिच्या हातात परत दिला. ती गेली. मी गॅस पेटवून खिचडी टाकली.

भिंतीला टेकून बसलेली सून हळूच म्हणाली, "आई, काकूंना आपल्याआधी काही कळलं असंल का?"

"नाय," म्हणाले आणि दोन ताटं वाढली. तिनं ताटाला हात लावला नाही. मी तिच्यासमोर बसून माझं ताट संपवलं. मुलाचा फोन अजून आलेला नाही.