पायाळूचा पाय

आमच्या अहमदपूरच्या गल्लीत कंबरेत उसण भरली की लोक दवाखान्याआधी शेजारच्या एका बाईचं दार वाजवतात. ती पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात. शाळेत शिकवून आली की ती साबणानं पाय धुते, पुसते, मग टाचेनं कंबर दाबते. मणका जागचा हलत नाही, दाबानं मेंदूला दुखणं कमी जाणवतं, असं लातूरच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तिला सांगितलं तर हसली. "म्हणजे मी मेंदूवर पाय द्यायलेय का?"

काल आईला धरून नेलं. बुद्धाच्या मूर्तीसमोर सतरंजीवर आई पालथी झोपली. टाच टेकली, आईचा कोंडलेला श्वास सुटला.

"च्या टाकू का, काकू?"

"उपास हाय माय."

"मागच्या टायमाला बी उपासच व्हता," ती शांतपणे म्हणाली आणि सतरंजीची घडी घालू लागली. मला मान वर करवली नाही.

घरी येताच आई पुन्हा आंघोळीला निघाली. सकाळपासून वाकता न येणाऱ्या तिनं भरलेली बादली एका हातानं उचलली.