पुसण्याचा अधिकार

परमेश्वराने हे विश्व निर्माण करण्याआधी आमच्या अण्णांकडे परवानगी मागितली असती, तर अण्णांनी त्याला सुरुवातीला फक्त बघण्याचा अधिकार दिला असता. "तीन महिने नुसतं बघ. मग एखादा लहानसा ग्रह करून दाखव. प्रलयाचं नंतर पाहू, आणि तो सुद्धा एकट्यानं करायचा नाही, दुसऱ्या कुणाची तरी मंजुरी लागेल." असं त्यांनी त्याला शांतपणे समजावलं असतं आणि देव निमूटपणे खुर्चीत बसून बघत राहिला असता. हे मी अनुभवाने सांगतो, कारण बेंगळुरूच्या रिंग रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, त्याच खुर्चीत मी सहा वर्षं बसलो होतो.

आमचं काम करायला सोपं आणि लग्नाच्या बैठकीत समजावून सांगायला महाकठीण. दुसऱ्या कंपन्यांच्या माहितीच्या रोज प्रती काढायच्या आणि त्या जपून ठेवायच्या. गिऱ्हाईकाकडचं मूळ जळालं, बिघडलं किंवा कुणा शहाण्याने उडवलं, की आपल्याकडची प्रत परत द्यायची. याला बॅकअप म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरवर हे चालतं त्यात प्रत्येक माणसाला एक भूमिका नेमून दिलेली असते. सगळ्यात खाली नुसता बघणारा. त्याच्या वर प्रती काढणारा. त्याच्या वर प्रती परत आणणारा. आणि सगळ्यात वर, शिखरावर, प्रती पुसणारा. कुणाला कुठल्या पायरीवर बसवायचं हे अण्णा ठरवत. मला पहिल्या दिवसापासून शिखर हवं होतं. चिंचवडहून इतक्या लांब मी काय हिरव्या खुणा बघायला आलो होतो? पण अण्णांनी मला बघणारा केलं. रोज सकाळी पडद्यावर ओळीने हिरव्या खुणा उमटत आणि मी त्या बघत असे. आईने फोनवर विचारलं, "तिथे नक्की करतोस काय रे?" म्हटलं, "सगळं नीट चाललंय ना, ते बघतो." आई म्हणाली, "अरे, ते तर तुझे बाबाही करतात. त्यांना कुठे कोण पगार देतं?"

अण्णा बेंगळुरूतल्याच मल्लेश्वरमचे. त्यांच्या पणजोबांनी इथे दुकान घातलं तेव्हापासून घरात मराठी आहे, पण ती इतकी वर्षं कन्नडच्या शेजारी राहिली आहे की दोघींचं एकमेकींकडे जाणं-येणं झालं आहे. बारीक अंगकाठी, बाही कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा शर्ट आणि खिशात लाल, निळं, काळं अशी तीन पेनं. लाल पेन फक्त नकारासाठी. मी काहीही मागायला गेलो की ते आधी लाल पेनाचं टोपण काढत आणि मग विचारत, "काय म्हणतोस, पुणेकर?" मी पुण्याचा नसून चिंचवडचा आहे हे सांगणं मी पहिल्याच महिन्यात सोडून दिलं. "अण्णा, मला पुसायचा अधिकार द्या ना," मी म्हणायचो. "तुला काय पुसायचंय?" "आत्ता काही नाही." "मग कशाला पाहिजे?" "असू दे, लागला तर." यावर ते टोपण परत लावत आणि म्हणत, "स्वल्प थांब. लागला तर ये." हा संवाद सहा वर्षांत इतक्या वेळा झाला की शेवटी शेवटी आम्ही तो कॉफीच्या रांगेत, एकमेकांकडे न बघता, उरकून घ्यायचो.

बरं, हा कडकपणा फक्त माझ्यापुरता असता तर मी त्यांना खडूस म्हणून मोकळा झालो असतो. पण अण्णांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं. एरवी ते स्वतः नुसते बघणारे. मोठे अधिकार असलेलं त्यांचं दुसरं खातं होतं, पण त्याचा अर्धा पासवर्ड त्यांच्या डोक्यात आणि उरलेला अर्धा मोहोरबंद पाकिटात, साहेबांच्या कपाटात. स्वतःच्याच खात्यात शिरायचं तर अण्णा आधी स्वतःच्या नावाने अर्ज लिहीत. एकदा तर त्यांनी तो लाल पेनाने नामंजूर केलेला मी पाहिला. "कारण बरोबर लिहिलं नव्हतं मी," ते म्हणाले, आणि दुसरा अर्ज लिहायला बसले. शुक्रवारी जेवणानंतर ते सगळ्या खात्यांची यादी मोठ्याने वाचत, शाळेतल्या हजेरीसारखी. आम्ही "हजर" म्हणायचं. एखादं नाव आलं आणि कुणी बोललं नाही, की ते चष्म्यावरून बघत. "हा कुठे गेला?" "हैदराबादला, अण्णा. मार्चमध्ये." "माणूस हैदराबादला आणि अधिकार इथे? किती वाईट दिसतं ते!" जणू तो बिचारा ओली छत्री दारात विसरून गेला होता.

हेच तत्त्व त्यांनी आपल्या अपार्टमेंटच्या पाण्याच्या मोटारीलाही लावलं. तिथे ते सेक्रेटरी होते. मोटार चालू करणारा आणि बंद करणारा एकच माणूस असणं धोक्याचं, असं त्यांनी सभेत पटवून दिलं. म्हणून चालू करायची किल्ली वॉचमनकडे आणि बंद करायची पहिल्या मजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांकडे. तीन आठवडे व्यवस्था सुरळीत चालली. चौथ्या आठवड्यात मास्तर किल्ली खिशात घालून धारवाडला लेकीकडे गेले. वॉचमनने आपला अधिकार चोख बजावला. टाकी भरली, वाहिली, जिन्यावरून धबधबा उतरला आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंचे वाळत घातलेले सांडगे गेट ओलांडून रस्त्याला लागले. लोक छत्र्या घेऊन अण्णांच्या दारात जमले. अण्णा शांतपणे म्हणाले, "व्यवस्था बरोबर आहे. मास्तरांनी जाताना अधिकार दुसऱ्याकडे सोपवला नाही, ही चूक." त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, आतून एक हातोडा घेऊन आली, गर्दीतून वाट काढत खाली गेली आणि कुलूप तोडून मोटार बंद केली. वर येऊन नवऱ्याला म्हणाली, "हा हातोडा कुठल्या पायरीवर बसतो ते लिहून ठेवा." मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना अण्णा आमटीत मीठ कमी आहे असं म्हणणार, तेवढ्यात अक्का म्हणाली, "यांना या घरात फक्त बघायचा अधिकार आहे. चव घेऊ देते, ते तुम्ही आलात म्हणून."

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. टाळण्याचा खूप प्रयत्न केला, पण त्याची नोंद आहे. पाचव्या वर्षी मी अण्णांना डावलून थेट साहेबांना लांबलचक मेल लिहिला. अण्णांच्या पद्धतीमुळे कामाचा वेग मंदावतो, तरुणांवर विश्वास टाकायला हवा, वगैरे. त्यात 'सक्षमीकरण' या अर्थाचा शब्द मी चार वेळा वापरला होता. साहेब नवीन होते, त्यांना मेल आवडला. अण्णांना आदेश आला. अण्णांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले आणि मला पुसण्याची विनंती करण्याचा अधिकार दिला. विनंती मी करायची, मंजुरी त्यांनी द्यायची. माझा अर्थात संताप झाला. हा काय अधिकार? पण हातात आलेलं वापरून दाखवायची घाईही होती. साठवणीची जागा भरत आली होती. मी यादी काढली, ज्यांच्याकडे वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं अशा चौदा प्रतींवर खुणा केल्या आणि जेवायला जायच्या आधी बटण दाबलं. त्या दिवशी खाली कँटीनमध्ये बिसीबेळे भात होता आणि तो लवकर संपतो, हे मी माझ्या बचावात सांगू इच्छितो.

जेवून आलो तर अर्ज नामंजूर. मी तणतणत अण्णांच्या टेबलापाशी गेलो. "हे बघा, हाच तुमचा प्रॉब्लेम आहे! कुणावर विश्वासच नाही तुमचा!" सगळा मजला ऐकत होता. अण्णांनी यादी छापून ठेवली होती. माझ्यापुढे सरकवली. "वाच." "वाचलीय मी." "मोठ्यानं वाच, रे." मी फणकाऱ्याने वाचू लागलो. एक, दोन, तीन... नवव्या ओळीवर माझा आवाज आपोआप उतरला. राजाजीनगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव होतं ते. गेल्याच महिन्यात त्यांनी जुनी यंत्रं भंगारात दिली होती आणि जुने तपशील हळूहळू मागून घेऊ, तोवर सांभाळा, असं कळवलं होतं. ते पत्र मीच उघडलं होतं. मीच "नक्की" असं उत्तर धाडलं होतं. कुणाच्या डोळ्याच्या पडद्याला छिद्र आहे, कुणाच्या डोळ्यातला दाब वाढतोय, वर्षानुवर्षांचे फोटो, शेकडो माणसांचे डोळे जगात फक्त त्या नवव्या ओळीत उरले होते, आणि मी ते भाताच्या रांगेत नंबर लागावा म्हणून पुसायला निघालो होतो.

मी उभाच राहिलो. आता हे साहेबांकडे जाणार, नोकरी जाणार, चिंचवडला परत, बाबांच्या शेजारी बसून बघणार. अण्णांनी कागद घेतला, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात लाल पेनाच्या मागे ठेवला. "बस. कॉफी घेणार?" एवढंच. साहेबांना त्यांनी कधीही काही सांगितलं नाही. मात्र सॉफ्टवेअरमध्ये नकाराचं कारण लिहावं लागतं, आणि ती नोंद कुणालाच, अगदी अण्णांनाही, खोडता येत नाही. पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या बाईंनी भर बैठकीत ती वाचली: "अर्जदार भुकेला आहे. जेवल्यावर विचारावे." बाईंनी विचारलं, हे काय आहे? अण्णा गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, हे सुरक्षा धोरण आहे." बाईंनी ते लिहून घेतलं.

अण्णा या जानेवारीत निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी केक, हार, साहेबांचं भाषण, सगळं झालं. चार वाजता त्यांनी मला बोलावलं. निळं पेन काढून एका कागदावर सही केली, पाकिटातला अर्धा पासवर्ड मागवला आणि मला शिखरावर बसवलं. मंजुरी देणारा, पुसणारा. सहा वर्षं मागितलेली गोष्ट समोर होती आणि पेढे वाटावेत की काय, अशा विचारात मी पडदा उघडला. माझ्या मंजुरीसाठी एक अर्ज आधीच येऊन थांबला होता. एक खातं काढून टाकायचं होतं. नाव अण्णांचं. अर्जदारही अण्णाच. कारणाच्या रकान्यात दोन शब्द: गरज संपली.

एरवी न वाचता बटणं दाबणारा मी, पण त्या दिवशी ती ओळ वाचली, परत वाचली, मग कधीपासूनचं खातं आहे ते वाचलं, उगाचच तारीख-वार वाचले. अण्णा शेजारी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. "अण्णा, नुसता बघायचा ठेवू का? कोण विचारतंय?" मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी हैदराबादवाल्याच्या जागी त्यांना बसवतोय हे माझं मलाच कळलं. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "जेवलास का?"

"हो."

"मग दाब की."

मी दाबलं.

आता रोज सकाळी सव्वाआठला त्यांचा फोन येतो. मी मारतहळ्ळीच्या बस स्टॉपवर उभा असतो आणि रात्रीच्या प्रतींचा अहवाल नुकताच पाहिलेला असतो. अण्णा अहवालाबद्दल कधीही विचारत नाहीत. तो अधिकार संपला. अक्काच्या गुडघ्यांबद्दल बोलतात, मोटारीची किल्ली आता कुणाकडे आहे ते सांगतात, आणि ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं विचारतात, "रात्री झोप लागली का रे?" मी म्हणतो, "लागली, अण्णा. अगदी छान." "सरी," म्हणून ते फोन ठेवतात. मागच्या मंगळवारी एक प्रत अडकली होती, पहाटे दुसऱ्या खेपेला झाली. मी म्हटलं, "मध्ये एकदा जाग आली होती. पण परत लागली."

"कशानं जाग..." ते म्हणाले, आणि थांबले. "नको. सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी फोन ठेवलाही नाही. माझी बस येऊन थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच फोन धरून होतो.