प्लेटमधले पाहुणे

आमच्या बायोसायन्सच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुणाऱ्या मावशी नावड्याहून यायच्या. जंतू मारायच्या यंत्राला त्या कुकर म्हणत, आणि कोणाच्या जिवाणू वाढवायच्या प्लेटमध्ये नको ती बुरशी उगवली की हळूच सांगत, "पाव्हने आयले गो."

माझ्याकडे हे पाहुणे दर आठवड्याला यायचे. मला बोलत बोलत काम करायची सवय. एका मंगळवारी मावशींनी हात पुसले, पंखा बंद केला आणि तोंडावर बोट ठेवून माझ्यासमोर उभ्याच राहिल्या. जन्मात पहिल्यांदा मी वीस मिनिटं गप्प राहून काम केलं.

दोन दिवसांनी त्यांनी माझी प्लेट उजेडात धरली. मी तारेने जिवाणूंच्या रेघा ओढल्या होत्या तिथेच ते वाढले होते, बाकी सगळं स्वच्छ.

"तोंड मिटलंस, दार लागलं. आता घर तुजं हाय."

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे सर आले. त्यांनी विचारलं, "प्लेटमध्ये नको ते उगवतं, त्याला काय म्हणतात?"

कंटॅमिनेशन हा शब्द ऐन वेळी आठवेना. "पाहुणे, सर," मी म्हणाले.

"पाहुणे?" सरांनी विचारलं. सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या मावशींचा आवाज आला, "बिनबोलावलेले, सांग त्यांना."