दुखवट्याच्या घरावर तारा

"तुमच्यात तर मयताला पण केक कापतात ना? मग एका स्टारचं काय एवढं घेऊन बसलीस?"

साहेब असं म्हणाले आणि अख्खं ऑफिस हसलं. गोखिवऱ्यातलं बिल्डरचं ऑफिस. मी तिथे फोन घेते, गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवते. मी एवढंच म्हटलं होतं, "साहेब, आमच्या दारावर स्टार नको. बाबा गेलेत यंदा."

साहेबांना निवडणूक लढवायचीय. म्हणून आमच्या गावात नाताळाची रोषणाई त्यांच्यातर्फे. प्रत्येक फाटकावर एक तारा, आणि ताऱ्याच्या मधोमध हात जोडलेले साहेब.

केक! बाबा गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती. शेजारणींनी पेज आणून दिली, ती आईला गिळवेना. हे त्या हसणाऱ्यांना सांगायचं होतं. पण पगार एकटीचा, घर दोघींचं. डोळे भरून आले ते दिसू नयेत म्हणून मी फोन उचलला. तो वाजतही नव्हता.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या नाताळाला दारात तारा लागत नाही. बाळ येशूची गव्हाणी मांडतो, पण आत, लहानशी. गोडधोड तळत नाही. शेजारीच करंज्यांचं ताट आणतात, घटकाभर बसतात, गेलेल्या माणसाचं बोलतात. दार काळोखं दिसलं की गावाला न सांगता कळतं, इथे बसायला जायचंय.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी रिक्षातून उतरले, तर आमच्या फाटकावर तारा. लाल, हिरवा, लाल, हिरवा. आई ओटीवर, त्याच्याकडे पाठ करून बसलेली.

"आई, कोणी लावला?"

"सायबाची मानसं. नको नको म्हटलं. म्हनाली, ऑर्डर आहे मावशी. शिडी लावून चढलीच." मग हळूच म्हणाली, "पलीकडची रोझा ताट घेऊन आलेली गं. फाटकात थांबली, वर बघितलं नि परत गेली. तिला वाटलं मी दुखवटा सोडला. वर्षाच्या आत! काय बाई आहे ही, म्हनली असेल."

आणि आई रडायला लागली. शरमेनं रडत होती. अरे, शरम कोणाला वाटायला हवी आणि रडतंय कोण!

माझं डोकंच फिरलं. आतून स्टूल आणलं नि चढले. तेवढ्यात गल्लीत साहेबांची गाडी शिरली. पुढे मोबाइल धरलेली त्यांची माणसं.

"ए, काय करतेस? व्हिडिओ चालू आहे!" त्यांतला एक ओरडला.

"असू दे चालू."

वायर उपटली. सुतळी दातांनी तोडली. तारा काखेत मारून खाली उतरले.

"या घरातलं माणूस गेलंय, साहेब. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

आवाज चिरकला माझा. पण शेजारपाजारचे सगळे बाहेर आले होते, सगळ्यांनी ऐकलं.

साहेबांनी काच खाली केली. अजून हसतच होते. "नोकरीचं बघू आपण नंतर."

"बघा. मीही बघते."

तारा त्यांच्या बॉनेटवर ठेवला. त्यांचाच फोटो त्यांच्याकडे तोंड करून. गाडी रिव्हर्स घेताना तो खाली पडला, तो उचलायलाही कोणी थांबलं नाही.

रोझामावशी त्या दिवशी आली नाही. आईनं काही खाल्लं नाही. शेजारचे दोघं-तिघं मला म्हणून गेले, जरा दमानं घ्यायचं होतंस. घेतलं होतं की दमानं. ऑफिसात तेच तर केलं होतं.

राजीनामा मी लिहिणार नाही. सुट्टी संपली की वेळेवर जाऊन माझ्या खुर्चीत बसणार. काढायचं तर साहेबांनी समोर यावं आणि चारचौघांत सांगावं, बापाचा दुखवटा पाळला म्हणून हिला काढतोय. ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठणार नाही.