गेली नव्हे, चढली

दिगंबरला त्याच्या साहेबाने फसवले. दिगंबरला जाऊन पाच आठवडे झाले. शोकसभेत साहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “चांदी पाण्यातून जात नाही, टाकीवर चढते, हे मला एका सकाळी सुचलं. दिगंबर तेव्हा माझ्या हाताखाली होता.” मी उठलोच होतो. दिगंबरच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, माझी बाही धरली म्हणून बसलो...

आम्ही दोघे धुळ्याकडचे. सुरतेत आलो तेव्हा गोडादऱ्यात एकाच खोलीत राहायचो. मी जरीच्या कारखान्यात हमाली करत करत स्वतःचा कारखाना काढला, तो शिकून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागला. पुढे तिथे अंतराळयानातल्या पिण्याच्या पाण्याचे काम आले. ते पाणी महिनोन्महिने बंद टाकीत राहते. त्यात जंतू वाढले तर वर दुसरे पाणी आणायचे कुठून? म्हणून पाण्यात नावापुरती चांदी सोडतात. जंतू मरतात, माणसाला बाधत नाही. प्रयोगासाठी चांदीची तार दिगंबरने माझ्याकडून नेली.

महिन्याभराने तो कारखान्यात आला. चहाचा पेला न पिताच खाली ठेवला. मग म्हणाला, “भाऊ, राग नको मानू. चांदी खरी व्हती ना?”

माझे डोके फिरले. “माझ्या मालाला खोटं म्हणतोस? ऊठ इथून!” कारागिरांसमोर त्याला बाहेर काढले. चार महिने आमचे बोलणे बंद. शेवटी सुनंदावहिनीच त्याला घेऊन आल्या. “एकाला राग आवरत नाही, दुसऱ्याचं तोंड उघडत नाही. आता बोला, नाहीतर दोघांनाही माझ्या घरी चहा बंद.”

तेव्हा कळले की टाकीतली चांदी दर आठवड्याला कमी होत होती आणि जंतू परत येत होते. “कुठं जाते तेच कळत नाही,” तो म्हणाला. मी त्याला आतल्या खोलीत नेले. जरीसाठी तांब्याच्या तारेवर विजेने चांदी चढवतात. चांदीच्या पाण्यात तार बुडवली की वीज चालू करायच्या आधीच ती पांढरी पडू लागते. “बघ. चांदी जात नाही रे, चढते!”

तो त्या तारेकडे बघतच राहिला. वहिनींनी दोनदा हाक मारली... त्याने मग तेच पाणी काचेच्या बाटलीत आणि स्टीलच्या टाकीत भरून ठेवले. बाटलीत चांदी टिकली, टाकीत नाही. ती बाटली घेऊन धावत आला, माझ्या हाती दिली. “भाऊ, टाकीच चांदी पिते!”

अहवाल त्याने लिहिला. वर नाव मात्र एकट्या साहेबांचे आले. मी म्हणालो, चल, गचांडी धरू. तो हसला. “वर यानातल्या मानसांना चांगलं पानी भेटलं म्हंजे झालं. नाव कुनाचं का असेना.” मी त्याला भित्रा म्हणालो. शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, बोलायला दम पुरत नव्हता, तरी त्याने एवढेच विचारले, “भाऊ, ती बाटली ठेवली ना?” तेव्हा कळले, नावाचे त्यालाही लागले होते.

बाटली कारखान्यात माझ्या गादीमागच्या फळीवर आहे. तिला चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात आधी लिहिले आहे, ‘गेली?’ ते खोडून खाली, ‘चढली’. मी त्याला रागाने हाकलले होते, त्याची माफी मी त्याच कारागिरांसमोर मागितली. साहेब, आता तुम्ही बोला. ‘चढली’ हा जरीवाल्याचा शब्द तुमच्या तोंडी आला कुठून? मला सांगू नका. सुनंदावहिनींसमोर बसा आणि त्यांना उत्तर द्या.