आधी थापड, मग हळद

अड्याळच्या आमच्या घरात माया करायचा क्रम ठरलेला होता. बांधावरून पडून माझा गुडघा फुटला की आधी बापाच्या दोन थापडा, "फुटले का डोये तुये?" आणि मग हळद. माझा पाय मांडीवर घेऊन तो फुंकर घालत हळद लावी. तोंड मात्र चालूच.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्याला नर्सिंग शिकायला गेले तेव्हा थापड तेवढी घरी ठेवली, तोंड सोबत नेलं. खोलीत कोंढा गावची मैत्रीण होती. तिच्यावर घरी कोणी डोळेसुद्धा वटारले नव्हते. पेशंट रडला की हीपण रडे, मग पेशंटच उठून तिला पाणी देई. तिचं कौतुक, आणि माझ्याविरुद्ध दोन तक्रारी!

"कोणी शिकवलं असं ओरडायला?" ट्यूटरबाईंनी विचारलं.

"बापानं."

"तिसरी तक्रार आली की सामान बांध."

घरी बापाने स्थळ पाहूनच ठेवलं होतं. शिक्षण गेलं की लगीन! मी जीभ दाताखाली धरली. आठ दिवस वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना नुसतं "हो आबाजी, बरं आबाजी." पोट फुगलं माझं.

तेवढ्यात धानाचे रोवणे, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाले. माझ्याकडे एक म्हातारा शेतकरी होता, साखरेच्या आजाराने पायाला जखम झालेला. एका दुपारी त्याची खाट रिकामी! संध्याकाळी गडी हजर, पट्टीसकट पाय चिखलात माखलेला. आपल्याशिवाय रोवणा बिघडेल म्हणून एसटीने गावी जाऊन बांधीत, भाताच्या खाचरात, उतरून आला होता.

झालं, माझा बांध फुटला. "काहून गेले होते जी? पाय सडून राहिला अन् तुमाले रोवणा सुचते? पाय कापा लागन, मंग काय घसरत जासान बांधीत?"

वर पाहिलं तर समोर ट्यूटरबाई, हातात कागद. मेले!

"आबाजी, तक्रार लिहू का?" बाईंनी विचारलं.

"कायची तक्रार? पाय पहा ना माहा, कसा धुतला पोरीनं."

मीही तेव्हाच पाहिलं. ओरडता ओरडता मी जमिनीवर बसले होते, त्याचा पाय माझ्या मांडीवर होता, चिखल सगळा तसराळ्यात गेला होता आणि मी चक्क रडत होते.

बाईंनी कागदाची घडी घातली.

"तोंड बापाचं, ते कळलं. हे हात कोणाचे?"

"तेबी त्याचेच जी," मी म्हणाले.