उलट भाषांतर

मुलीच्या पीएच.डी.त मी एकदाच मदत केली, आणि त्या मदतीपायी तिचे चार महिने गेले.

मी जिंतूरच्या एका हायस्कूलवर इंग्रजी शिकवतो. 'शिकवतो' हा शब्द माझा. विद्यार्थी कदाचित वेगळं सांगतील. मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. करत होती. ते नेमकं काय असतं हे मला धड सांगता येत नसे, म्हणून चहाच्या टपरीवर मी "पोरगी मनाची डॉक्टर होऊन बसली" असं ठोकून मोकळा व्हायचो. ती ऐकायची आणि म्हणायची, "पप्पा, अजून कुठं? लय पायऱ्या हायत."

होत्याच. आधी दोन वर्षं दवाखान्यात राहून रुग्णांसोबत घेतलेलं प्रशिक्षण. मग प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क, संशोधनाचा आराखडा, त्या आराखड्यावर बसलेली समिती. माणसांना एक प्रश्न विचारायचा तरी आधी नैतिकता समितीची परवानगी. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. शोधनिबंध छापून यायला हवेत, प्रबंध लिहायला हवा, तो बाहेरच्या परीक्षकांनी वाचायला हवा, आणि हे सगळं पार पडलं की भरल्या हॉलात तोंडी परीक्षा. माझं बी.एड. यातल्या पहिल्या दोन ओळींत संपलं असतं.

बाळंतपणानंतर वर्षभरात बायकांच्या मनाचं काय होतं, हा तिचा विषय. त्यासाठी वीस प्रश्नांची एक इंग्रजी प्रश्नावली होती. ती मराठीत आणायची, पण नुसतं भाषांतर करून भागत नाही. मराठी झाल्यावर, मूळ इंग्रजी कधीच न पाहिलेल्या माणसानं ते मराठी परत इंग्रजीत करायचं. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहायचं, अर्थ कुठं सांडला का. याला उलट भाषांतर म्हणतात. मराठी तिनं आणि तिच्या पुण्याच्या मैत्रिणीनं केलं होतं. उलट करायला पाथरीच्या एक निवृत्त इंग्रजीच्या बाई कबूल झाल्या होत्या, पण त्यांची लेक बाळंत झाली आणि त्या तिकडे अडकल्या.

"मी हाय की," मी म्हणालो. "चोवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय."

तिनं तिच्या गाईडना विचारलं. मूळ पाहिलेलं नसेल तर चालेल, असं उत्तर आलं. तिनं मला मराठी कागद दिला आणि बजावलं, "अडलं तरी कुणाला विचारायचं न्हाई. जमेल तसं लिहा. चुकलं तरी ते माझ्या कामाचंच हाय."

चुकलं तरी कामाचं, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मास्तराच्या डोक्यात ते शिरतच नाही. सातव्या प्रश्नाला मी अडलो. मूळ इंग्रजी असलेली तिची फाईल टेबलावरच होती. ती आईबरोबर बाजारात गेलेली. मी म्हटलं, एकच शब्द बघू. एकाचे वीस झाले. वर आमच्या वर्गातली हुशार पोरं करतात तेच मी केलं: संशय नको म्हणून दोन ठिकाणी मुद्दाम थोडं वेगळं लिहिलं.

संध्याकाळी ती दोन्ही कागद घेऊन बसली. आधी खूश झाली. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पप्पा, मराठीत 'उदास' हाय. तुम्ही 'ब्लू' लिहिलंय."

"मग? बरोबरच हाय ना?"

"बरोबर हाय. पण तुम्ही शाळेत 'सॅड' शिकवता. मला पण तुम्हीच शिकवलं. 'ब्लू' म्हणजे निळा, आकाश निळं, शाईची बाटली निळी. तुमच्या आयुष्यात 'ब्लू' कधी उदास झाला? तो फक्त मूळ कागदावर झालाय."

मी चष्मा पुसायला घेतला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "कधीपासून पुसायलात? काच झिजंल." तेवढ्यानं सगळं उघड झालं.

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कॅलेंडर काढलं. पंधरा दिवसांवर सहामाही अहवाल होता आणि त्यात हा टप्पा पूर्ण दाखवायचा होता. चारठाणं गावच्या आरोग्यसेविका, आशाताई, यांच्याशी बोलून तिनं बायकांना भेटायचे दिवसही ठरवून ठेवले होते. मी हळूच म्हणालो, "बेटा, अर्थ तर जुळलाय. कुणाला काय कळतंय?"

"अहवालात एक वाक्य हाय, पप्पा. 'भाषांतरकाराने मूळ प्रश्नावली पाहिलेली नाही.' त्याच्याखाली सही माझी हाय."

ती फोन घेऊन अंगणात गेली. गाईडना तिनं एका दमात सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, आणि मला वाचवायला एक शब्द घातलाही नाही. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. पलीकडून काय बोलले ते कळलं नाही. ती आत येऊन म्हणाली, "टप्पा अपूर्ण दाखवायचा. पाथरीच्या बाई परत आल्या की त्यांच्याकडून करून घ्यायचं. चारठाणं पुढं ढकलायचं." मग पाणी प्यायली आणि आशाताईंना फोन लावायला लागली.

पाथरीच्या बाई परत यायला, मग त्यांना सवड व्हायला तीन महिने लागले. पाकीट पोहोचवायला एसटीनं मीच गेलो. तिनं पाकिटाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली होती आणि पट्टीवर आडवी सही केली होती. बोर्डाच्या प्रश्नपत्रिका मी वर्षानुवर्षं सांभाळल्या. इतका बंदोबस्त त्यांनाही पाहिला नाही. आत फक्त मराठी कागद होता, म्हणजे पाहिला असता तरी चाललं असतं. तिनं तरीही पट्टी लावली.

बाईंचा कागद आला आणि नवव्या प्रश्नावर मुलीचं बोट पुन्हा थांबलं. मूळ प्रश्न असा होता की गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नव्हतं, सगळं नकोसं झालं होतं का. मराठीत होतं: 'तुम्ही बेजार होता का?' बाईंनी इंग्रजीत लिहिलं होतं: तुम्ही आजारी होता का?

शब्द पुण्याच्या मैत्रिणीचा होता. तिकडं बेजार म्हणजे वैतागलेला, कंटाळलेला. आमच्या जिंतूर-पाथरीकडं बेजार म्हणजे अंथरुणाला खिळलेला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच शाळेत सुट्टीच्या अर्जावर "मुलगा बेजार असल्यामुळे" वाचत आलोय. पण छापील कागदावर आला की शब्द शर्ट-पँट घालतो, ओळखू येत नाही. माझ्या मुलीलाही आला नाही. आणि मला तर यायचा प्रश्नच नव्हता, मी शेजारचं इंग्रजी बघून उतरवत होतो.

तिनं आईला हाक मारली. "आई, बेजार म्हंजे?"

बायको शेंगा सोलत होती. "ताप, थंडी. दवाखान्यात न्यायचं."

"अन् ताप न्हाई, पण कशातच मन लागंना, तर?"

"मग गोड लागंना म्हणायचं. जेवण गोड लागंना, लेकरू गोड लागंना." शेंग फोडता फोडता ती थांबली. "तू झालीस तवा मला दोन म्हयने काईच गोड लागत न्हवतं."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मुलीनं पेन उचललं.

बदललेला प्रश्न परत पाथरीला जाऊन आला, समितीनं मंजूर केला, तेव्हा आम्ही चारठाण्याला गेलो. मोटारसायकल माझी. तिनं मला देवळाच्या कट्ट्यावर बसवलं आणि सांगितलं, "इथून हलायचं न्हाई. बायकांचं बोलणं तुमच्या कानावर पडता कामा नये." मी खांबावरची नक्षी पाठ केली. परत येताना तिनं एवढंच सांगितलं की, एका बाईनं नववा प्रश्न ऐकला आणि विचारलं, "ताई, हे तुमाला कोनी सांगितलं?"

तोंडी परीक्षेला आम्ही दोघं विद्यापीठात गेलो. हॉल भरलेला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाचं एक पान उघडलं. "पहिलं उलट भाषांतर रद्द केलं असं लिहिलंय. का?"

"ते माझ्या वडिलांनी केलं होतं," ती म्हणाली. "त्यांनी मूळ पाहिलं होतं."

माझ्या पुढच्या रांगेतले दोघे मागं वळले. मी पण मागं वळून पाहिलं, जणू तिचे वडील आणखी मागं बसलेत.

"ठेवलं असतं तर?"

"तर बेजार शब्द तसाच राहिला असता, सर. ज्यांचं मन उदास होतं त्या बायका 'न्हाई, ताप न्हाई' म्हणाल्या असत्या आणि माझ्या तक्त्यात ठणठणीत ठरल्या असत्या. त्यांच्यापर्यंत मग कुणीच गेलं नसतं."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. अर्ध्या तासानं त्यांनी उभं राहून पदवीची शिफारस वाचून दाखवली. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, सगळे थांबल्यावरही.

बाहेर आल्यावर मी बायकोला म्हणालो, "पोरीनं बापाचं नाव काढलं."

ती म्हणाली, "काढलं की. समद्या हॉलासमोर काढलं."